बोट बुडाली, अधिकारी वाचला : पुढे काय?

शंका : माझे आजोळ रेवसचे. ‘रामदास’ बोटीचे प्रवासी गेले आणि कप्तान मात्र वाचला, हे लहानपणापासून रागाने बोललेले ऐकले. कप्तानाने बोटीबरोबरच जलसमाधी घ्यावी, असा नियम आहे का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

समाधान : आंतरराष्ट्रीय कायद्यात असा नियम नाही. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या अमावास्येला, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कप्तान शेख सुलेमान आणि चीफ ऑफिसर आदमभाई वाचले. खवळलेल्या समुद्रात पाणी आत येऊ लागले की घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावतात आणि त्यांच्याच भाराने बोट आडवी होते. मग ‘बोट सोडा’ म्हणायलाही वेळ उरत नाही.

कप्तानाकडून मरणाची अपेक्षा नसते. शक्य असेल तोवर माणसे बाहेर काढणे हे त्याचे काम. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, तेव्हा शेकडो लोक जहाजावर असताना कप्तान उतरून गेला. अपघाताला कारण झाल्याबद्दल आणि जहाज सोडल्याबद्दल त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली. म्हणून अधिकारी वाचला, एवढ्यावरून त्याला दोषी धरू नये. शेवटच्या क्षणापर्यंत त्याने काय केले, ते तपासावे.

शंका : माझा मुलगा डेक कॅडेट म्हणून निघाला आहे. तो उत्तम पोहतो. संकटात तेवढे पुरेल ना?
– एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

समाधान : ताई, पोहणे यावेच, पण भर समुद्रात पोहत सुटणारा लवकर थकतो आणि गारठतो. माणूस तगतो तो लाइफजॅकेट, लाइफराफ्ट आणि अंगवळणी पडलेल्या सरावामुळे. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकताच झोपेतूनही आपल्या ठरलेल्या जागी पोचता आले पाहिजे. पाण्यात पडल्यावर गुडघे पोटाशी घ्यावेत, सोबत्यांना चिकटून राहावे. समुद्राचे पाणी कितीही तहान लागली तरी पिऊ नये.

पुढे मुलगा चीफ मेट, म्हणजेच चीफ ऑफिसर, होईल तेव्हा मालाची जबाबदारीही त्याच्याकडे येईल. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी फिलिपिन्सजवळ ‘एमराल्ड स्टार’ बुडाले. जहाजावर इंडोनेशियातले निकेलचे खनिज होते. २६ भारतीय खलाशांपैकी १६ वाचले, दहा जण सापडले नाहीत. असे खनिज ओले असले तरी वरून कोरडे भासते. जहाजाच्या हादऱ्यांनी आतले पाणी सुटते, सगळा ढीग चिखलासारखा वाहू लागतो आणि जहाज कलते. शंका आली, तर ओलाव्याची तपासणी झाल्याशिवाय माल घेऊ नये, मग बंदरात कितीही दबाव येवो. मुलाला हे आत्ताच सांगा.

शंका : आमचे नातलग सेकंड मेट आहेत. जहाज बुडून ते वाचून आले. आता पगार, नोकरी यांचे काय? ते बोलत नाहीत, झोपत नाहीत.
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

समाधान : घरी परत आणण्याचा खर्च जहाजमालकाचा. २००६ च्या सागरी कामगार कराराला भारताने २०१५ साली मान्यता दिली आहे. जहाज बुडून काम गेले, तर त्या बेकारीची भरपाईही या करारानुसार मालकाने द्यायची असते. ही भरपाई दोन महिन्यांच्या पगारापुरती मर्यादित ठेवण्याची मुभा आहे. सीडीसी (खलाशाचे सेवा-नोंदपुस्तक) किंवा प्रमाणपत्रे बुडाली असतील, तर मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या कार्यपद्धतीनुसार दुसरी प्रत मागावी. जहाज गेले म्हणून प्रमाणपत्र आपोआप जात नाही. त्यासाठी चौकशीत अधिकाऱ्याचा दोष ठरावा लागतो.

वेळा, दिशा, हुकूम, जे आठवते ते त्यांनी आताच स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. त्यांची खरी साक्ष पुढच्या जहाजावरच्या माणसांना वाचवू शकते. झोप उडाली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. मानसिक आघात झालेल्या माणसाला उपचारांची गरज असते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिगत त्यांच्याकडून वदवून घेऊ देऊ नका. आणि ‘बाकीचे गेले, तुम्हीच कसे वाचलात?’ हा प्रश्न घरात कोणीही, कधीही विचारू नये.