दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे काय? : सत्यता-कोष्टकाने करावयाची पारख



रोजच्या व्यवहारात आपल्याला किती नियम वाचावे लागतात! महाविद्यालयाच्या फलकावरील सूचना, शिष्यवृत्तीच्या अर्जामागील अटी, घरभाड्याच्या करारातील कलमे, मतदान केंद्राबाहेर लावलेला कागद. नियम एका शब्दांत छापलेला असतो आणि खिडकीतील माणूस तो दुसऱ्याच शब्दांत सांगतो. "म्हणजे एकूण एकच झाले" असे म्हणून आपण पुढे जातो. पण ते खरोखर एकच असते काय?

हे ठरविण्याची एक साधी रीत तर्कशास्त्रात आहे. तिला सत्यता-कोष्टक म्हणतात. कला शाखेच्या तर्कशास्त्रात आणि बारावीच्या गणितात ही रीत शिकविली जाते. पुष्कळ विद्यार्थी ती गुणांपुरती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. वास्तविक ती कागद आणि पेन्सिल घेऊन कोणालाही वापरता येते आणि त्यामुळे आपले नुकसान टळू शकते. हेच दाखविण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

१. चार साधे नियम

जे वाक्य खरे किंवा खोटे ठरू शकते, त्याला विधान म्हणतात. "दार लाव" हे विधान नव्हे. "दार लावलेले आहे" हे विधान होय. 'नाही', 'आणि', 'किंवा', 'जर-तर' या शब्दांनी साध्या विधानांपासून संयुक्त विधाने तयार होतात. त्यांचे खरेखोटेपण पुढील नियमांनी ठरते.

(अ) 'नाही' लावले की खऱ्याचे खोटे आणि खोट्याचे खरे होते.
(आ) 'आणि'ने जोडलेले विधान दोन्ही भाग खरे असतील तेव्हाच खरे असते.
(इ) 'किंवा'ने जोडलेले विधान दोन्ही भाग खोटे असतील तेव्हाच खोटे असते.
(ई) 'जर-तर' विधान एकाच प्रसंगी खोटे असते : 'जर'चा भाग खरा आणि 'तर'चा भाग खोटा असेल तेव्हा.

चौथा नियम विद्यार्थ्यांना प्रथम खटकतो. "जर पाऊस पडला तर मी छत्री नेईन" असे कोणी म्हणाला, तर त्याचा शब्द केव्हा मोडला? पाऊस पडला आणि त्याने छत्री नेली नाही, तेव्हाच. पाऊस पडलाच नाही तर त्याने छत्री नेली काय किंवा न नेली काय, त्याला खोटे बोलला असे म्हणता येत नाही.

दोन साधी विधाने असतील तर खरे-खोटे मिळून चार प्रसंग होतात. तीन असतील तर आठ. सर्व प्रसंग एकाखाली एक लिहून प्रत्येकात संयुक्त विधान खरे की खोटे हे मांडले, की कोष्टक तयार झाले. दोन विधाने प्रत्येक ओळीत जुळली तर ती सममूल्य, म्हणजे अर्थाने एकच. एका ओळीत जरी फरक पडला तरी ती वेगळी.

या विद्येचा इतिहासही थोडक्यात सांगतो. तिचे एक प्रवर्तक ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली आपल्याच देशात, मदुराई येथे झाला. १८५४ साली जॉर्ज बूल यांनी विचारांच्या नियमांना बीजगणिताचे रूप देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२१ साली लुडविग विट्गेन्श्टाइन आणि एमिल पोस्ट यांच्या स्वतंत्र लेखनातून सत्यता-कोष्टके सर्वत्र परिचित झाली. १९३८ साली क्लॉड शॅनन यांनी हेच गणित विजेच्या स्विचांच्या जोडणीला लागू पडते असे दाखविले. आजच्या संगणकाच्या रचनेला हाच पाया आहे.

२. मतदार यादीचे उदाहरण

आपणा सर्वांच्या हक्काचा नियम घेऊ. 'न' म्हणजे "नाव मतदार यादीत आहे" आणि 'म' म्हणजे "मतदान करता येते" असे समजू. आता ही तीन वाक्ये पाहा :

(१) जर नाव यादीत नसेल, तर मतदान करता येत नाही.
(२) जर मतदान करता येत असेल, तर नाव यादीत आहे.
(३) जर नाव यादीत असेल, तर मतदान करता येते.

पहिले आणि तिसरे वाक्य ऐकायला अगदी जवळचे वाटते. दुसरे जरा उलटे वाटते. कोष्टक काय सांगते ते पाहू.

| न | म | वाक्य १ | वाक्य २ | वाक्य ३ |
|---|---|---|---|---|
| खरे | खरे | खरे | खरे | खरे |
| खरे | खोटे | खरे | खरे | खोटे |
| खोटे | खरे | खोटे | खोटे | खरे |
| खोटे | खोटे | खरे | खरे | खरे |

कानाला जवळची वाटणारी वाक्ये वेगळी निघाली. (१) आणि (२) चारही ओळींत जुळतात, म्हणून ती सममूल्य आहेत. (३) मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत वेगळे पडते. नियम असा लक्षात ठेवावा : जर-तर विधानाचे दोन्ही भाग उलटवून दोहोंना 'नाही' लावले तर अर्थ कायम राहतो, नुसते 'नाही' लावले किंवा नुसते भाग उलटवले तर अर्थ बदलतो.

कोष्टकाची दुसरी ओळ, म्हणजे नाव यादीत आहे पण मतदान करता येत नाही, ही केवळ कागदावरची गोष्ट नव्हे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२ प्रमाणे शिक्षा भोगत असलेल्या किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात असलेल्या व्यक्तीला, यादीत नाव असले तरी, मतदान करता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्तीला तेवढा अपवाद आहे. याच कलमात यादीत नसलेल्याला हक्क नाही ही एक बाजू, आणि यादीत असलेल्याला, कायद्यातील अपवाद वगळता, हक्क आहे ही दुसरी बाजू, अशा दोन्ही बाजू सांगितलेल्या आहेत. एक बाजू लिहिली की दुसरी आपोआप येत नाही, म्हणूनच दोन्ही लिहाव्या लागतात.

मराठीत हा फरक दाखविणारे एक छोटे अक्षर आहे : 'च'. "नाव यादीत असेल तर मतदान करता येते" हे तिसरे वाक्य झाले. "नाव यादीत असेल तरच मतदान करता येते" असे म्हटले की ते पहिले वाक्य झाले. तेव्हा नियम वाचताना 'तर' आहे की 'तरच', हे आधी बोटाने दाखवावे आणि मग अर्थ लावावा.

अशाच घोटाळ्यातून पुष्कळांचे मत वाया जाते. "माझ्याकडे ओळखपत्र आहे, म्हणजे मला मतदान करता येणारच" असे धरून माणूस केंद्रावर जातो, आणि यादीत नाव नसल्याने परत येतो. ओळखपत्र ही ओळख पटविण्याची खूण आहे; हक्काचा आधार यादीतील नाव हा आहे. उलट, "ओळखपत्र हरवले म्हणजे मतदान गेले" हेही खरे नाही. निवडणूक आयोगाने मान्य केलेली छायाचित्र असलेली अन्य कागदपत्रे चालतात. म्हणून निवडणुकीपूर्वीच यादी पाहावी, आणि नाव नसल्यास नमुना क्रमांक ६ भरून द्यावा.

३. 'आणि'वर आलेला नकार

आता अर्जावरील सूचना घेऊ. समजा, असे छापले आहे : "जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला जोडलेला नसल्यास अर्ज नाकारला जाईल." एका विद्यार्थ्याने जातीचा दाखला जोडला, उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून यायचा आहे. त्याचा अर्ज राहील की जाईल? 'ज' म्हणजे जातीचा दाखला जोडला आहे, 'उ' म्हणजे उत्पन्नाचा दाखला जोडला आहे, असे मानू.

| ज | उ | 'ज आणि उ' असे नाही | ज नाही आणि उ नाही | ज नाही किंवा उ नाही |
|---|---|---|---|---|
| खरे | खरे | खोटे | खोटे | खोटे |
| खरे | खोटे | खरे | खोटे | खरे |
| खोटे | खरे | खरे | खोटे | खरे |
| खोटे | खोटे | खरे | खरे | खरे |

तिसरा आणि पाचवा रकाना जुळतो. 'आणि'वर नकार आला की आत 'किंवा' होतो, हाच डी मॉर्गन यांचा नियम. चौथा रकाना मधल्या दोन ओळींत वेगळा आहे, आणि आपला विद्यार्थी नेमका दुसऱ्या ओळीत उभा आहे. सूचनेचा अर्थ तिसऱ्या रकान्याप्रमाणे घेतला तर त्याचा अर्ज बाद. चौथ्याप्रमाणे घेतला तर अर्ज वाचतो. छापलेल्या वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात. अशा वेळी आपल्याला सोयीचा अर्थ धरून घरी बसू नये. शेवटच्या तारखेपूर्वी कार्यालयात विचारावे आणि शक्य तर उत्तर लेखी घ्यावे.

मंडळाच्या सभासदांनीही यावरून बोध घ्यावा. आपण सूचना काढतो तेव्हा "दोन दाखल्यांपैकी एक जरी नसला तरी अर्ज नाकारला जाईल" असे स्पष्ट लिहावे. त्याने कोणाही गरजू मुलाचे वर्ष वाया जाणार नाही.

४. आपल्या परंपरेतील तर्क

ही रीत पाश्चात्त्य म्हणून परकी वाटू नये. प्रतीत्यसमुत्पादाच्या सूत्रात कारण असता कार्य असते ही एक बाजू, आणि कारण नसता कार्य नसते ही दुसरी बाजू, अशा दोन्ही वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. आपण वर पाहिलेच की एकीवरून दुसरी निघत नाही. तसेच अभिधम्म पिटकाच्या सात ग्रंथांपैकी 'कथावत्थु' पाहावा. परंपरेनुसार तो सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्र येथील तिसऱ्या संगीतीत मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी मांडला. त्यातील वादाची पद्धत अशी : तुमचे पहिले म्हणणे खरे असेल तर दुसरेही मानावे लागेल, दुसरे मानत नसाल तर पहिले सोडावे लागेल. हीच आपल्या पहिल्या कोष्टकातील (१) आणि (२) ची सममूल्यता होय.

५. सराव

पुढील जोड्या सममूल्य आहेत की नाहीत, ते कोष्टक मांडून ठरवा.

(क) "फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही." / "फी भरली तर परीक्षेला बसता येईल."
(ख) "फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही." / "फी भरलेली आहे किंवा परीक्षेला बसता येणार नाही."
(ग) "तो हुशार आणि श्रीमंत आहे असे नाही." / "तो हुशार नाही आणि श्रीमंतही नाही."

उत्तरे : (क) नाहीत; फी भरूनही हजेरी अपुरी असू शकते. (ख) आहेत. (ग) नाहीत.

शेवटी एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. दोन वाक्यांचा अर्थ एक आहे की नाही, एवढेच कोष्टक सांगते. नियम न्याय्य आहे काय आणि सांगितलेली माहिती खरी आहे काय, हे आपल्यालाच तपासावे लागते. परंतु नियमाचा नेमका अर्थ कळल्याशिवाय त्याच्या न्याय्यतेबद्दल बोलता येत नाही. कोष्टक मांडताना सांगणारा मोठा आहे की लहान, हे पाहावे लागत नाही. ओळी जुळतात की नाही, एवढेच पाहावे लागते. घरात आई-वडिलांना एखादा सरकारी कागद वाचून दाखवाल, तेव्हा चार ओळींचे हे कोष्टक एकदा अवश्य मांडून पाहा, एवढीच आमची विनंती.