मेमरी कार्ड : छापील आकड्यावर जाऊ नका

व्यापारी व कारागीर बंधूंनो, माजलगावात गिऱ्हाइकांना साड्यांचे फोटो दाखवता यावेत म्हणून मी डिजिटल कॅमेरा घेतला. स्वस्त कार्डावर ६४ जीबी छापले होते. पण लग्नसराईतले निम्मे फोटो उघडेनात. बनावट कार्डात जागा थोडी असते, कॅमेऱ्याला मात्र ती जास्त दिसते.

तजुर्ब्याने सांगतो. आधी कॅमेऱ्याचे माहितीपुस्तक पाहा : एसडीएचसी कार्ड ३२ जीबीपर्यंत, त्यापुढे एसडीएक्ससी, जुना कॅमेरा ते घेईलच असे नाही. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याचा वेग. फोटोंना तेवढा पुरे. पक्के बिल घ्या. कामाला लावण्यापूर्वी कार्ड एकदा पूर्ण भरून सर्व फाइली उघडून पाहा.

थान मोजल्याशिवाय आपण पैसे देतो का?