टायरचं वय कसं ओळखायचं?

प्रश्न : जुनी कार घेतोय. टायर नवे असल्याचं विक्रेता सांगतो. नक्षी खोल आहे, बाजूला १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलंय. यावरून वय कळेल का?

उत्तर : नाही, हे फक्त माप आहे. रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार, एच म्हणजे वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर.

वयासाठी ‘डॉट’ या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. २३१७ असेल, तर टायर २०१७च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते. बाहेरून दिसली नाही तर वाकून आतली बाजू बघाच. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका.

खोल नक्षीला भुलू नका. गाडी उभी असली तरी ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांनी रबर कडक होतं, भेगा पडतात. सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी हवी. दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी बदलाच. डिकीतली स्टेपनीही तपासा, तिच्याकडे कुणी बघतच नाही.