कोकराचा मेंदू आणि पोटातील संप्रेरके

“डॉक्टर, दिवस राहिलेत. मुलगा होण्याचे एक औषध मिळते म्हणतात, सुनेला द्यावे का?” सुनेला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या सासूबाई हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. याचे उत्तर आज आपण मेंढीच्या पोटातील कोकरावरून समजून घेऊ.

मेंढी साधारणपणे पाच महिन्यांनी विते. नर की मादी हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते. नर गर्भात पहिल्या महिन्यानंतर वृषणे तयार होऊन टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागतात. ते रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. पुढे माजावर येणे, बीज सुटणे, नर-मादीचे वर्तन यांवर त्याचे नियंत्रण असते.

संप्रेरक ही किल्ली मानली, तर पेशीतील ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, हे तिचे कुलूप. किल्ली कुलपात बसली तरच काम होते. कोकराच्या मेंदूत अशी दोन कुलपे आहेत. एक टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुष संप्रेरकांचे आणि दुसरे इस्ट्रोजेन या स्त्री संप्रेरकाचे. गंमत अशी, की मेंदूतील अ‍ॅरोमॅटेज हे विकर काही टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे नराच्या मेंदूत दोन्ही कुलपे उघडू शकतात.

मग मादी गर्भात पुरुष संप्रेरकाचे कुलूप नसते का? असते! अमेरिकेतील ओरेगॉन येथील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गर्भातील कोकरांचे मेंदू तपासले. इस्ट्रोजेनच्या एका ग्राहीबाबत नर-मादीत फरक दिसला. पुरुष संप्रेरकाच्या ग्राहीबाबत मात्र दिसला नाही. म्हणजे मादीच्या मेंदूतही हे कुलूप तयार असते. फक्त तिच्या शरीरात किल्ली पुरेशी नसते.

ती किल्ली बाहेरून आली तर काय होते? गाभण मेंढ्यांना साधारण ३० ते ९० व्या दिवसांच्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन देऊन हे पाहिले गेले आहे. जन्मलेल्या माद्या नर झाल्या नाहीत. त्यांचे अंडाशय जागेवरच होते. पण बाह्य जननेंद्रिये नरासारखी झाली, वागणे बदलले आणि मोठेपणी माजाचे चक्र बिघडले. हायपोथॅलॅमसमधील पेशींचा एक पुंजका नरात मादीच्या सुमारे दुप्पट असतो. तोही या माद्यांत वाढला. जन्मानंतर औषध थांबले तरी हे बदल पुसले गेले नाहीत, कारण मेंदूची घडण त्या ठराविक दिवसांतच होते.

मेंढीचे सगळेच माणसाला लागू पडत नाही. परंतु गर्भातील मुलीच्या शरीरातही हे ग्राही असतात, हे लक्षात ठेवले पाहिजे. हरियाणात मुलगा होण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही औषधांच्या तपासणीत संप्रेरके आणि संप्रेरकांसारखे पदार्थ आढळले. ती घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक दिसले.

म्हणून सासूबाईंना माझे उत्तर स्पष्ट असते. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रजंतूवरून आधीच ठरलेले आहे. त्यात सुनेचा दोष नाही आणि नंतर घेतलेल्या पुडीने ते बदलत नाही. असलेल्या बाळाला अपाय मात्र होऊ शकतो. शिवाय गर्भलिंगनिवड हा कायद्याने गुन्हा आहे.

तेव्हा पाळी चुकली असेल तर आधी तपासणी करून घ्या. पाळी आणण्याच्या वा पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका. असे काही आधीच घेतले असल्यास घाबरू नका, पण डॉक्टरांपासून लपवूही नका. गोळ्यांचे पाकीट किंवा उरलेली पुडी सोबत घेऊन या.