मेमो, बोनाफाईड आणि आपली मराठी

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, मी मराठी माध्यमाची, माझं इथं काय होणार?" तेव्हा शेजारी माणसं होती म्हणून मी फार बोलले नाही. पण रात्री झोप आली नाही. तेलंगणाच्या सीमेवरच्या आपल्या जैनथ-बेल्याच्या मुलींनी हेच वाक्य किती वर्षं म्हणायचं? आज निवांत बोलते, ऐक.

तेलंगणा लोकसेवा आयोगाच्या ग्रुप-2, ग्रुप-4 या परीक्षांचे पेपर इंग्रजी, तेलुगू आणि उर्दूत असतात, मराठीत नाही. त्या वाटेला जायचं तर यातली एक भाषा पक्की हवी, आणि आपल्याला त्यातल्या त्यात तेलुगूच जवळची. पण रेल्वेभरती, स्टाफ सिलेक्शन कमिशनची (एसएससी) एमटीएस आणि जीडी कॉन्स्टेबल, सरकारी बँकांची क्लर्कभरती यांचे प्रश्न मराठीतून घेता येतात. हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही, त्याचंच मला वाईट वाटतं.

बँकेचं तर नीट समजून घे. क्लर्कच्या अर्जात तू एकाच राज्यातल्या जागा निवडतेस आणि त्या राज्याची भाषा तुला लिहिता, वाचता, बोलता आली पाहिजे. महाराष्ट्र निवडलास तर ती भाषा मराठी! रहिवासाचा दाखला कुणी मागत नाही. ज्या मराठीमुळे तू खाली मान घालतेस, तीच तिथं अट म्हणून विचारतात. वय 20 ते 28, पदवी हवी, मुलाखत नाही. पूर्वपरीक्षेत 60 मिनिटांत 100 प्रश्न, चुकलं की पाव गुण जातो. इंग्रजीचे 30 प्रश्न मात्र इंग्रजीतच, म्हणून रोज एक उतारा वाचच. नेमणूक नदीपलीकडे पांढरकवड्याला मिळेल की दूर कोकणात, हे आपल्या हाती नाही. घरी आईला हे आधीच सांगून ठेव.

आता कागदांचं. यात माझे हाल झाले म्हणून जरा लांबण लावते. राज्याच्या नोकऱ्यांत 2018 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं 95 टक्के जागा लोकल उमेदवारांना आहेत, आणि लोकल कोण हे पहिली ते सातवी कुठं शिकलात त्यावर ठरतं. मी चौथी ते सहावी आजोळी, महाराष्ट्रात होते. ऐन अर्जाच्या आठवड्यात एका शाळेत जुनं रजिस्टर सापडेना. तीन फेऱ्या झाल्या, मी बस स्टँडवर बसून रडले, आणि शेवटची तारीख निघून गेली. म्हणून सांगते, शाळेत शिकल्याचं बोनाफाईड आजच काढ, भरती निघायची वाट पाहू नकोस.

नावाचंही बघ. तेलंगणाच्या दहावीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, आडनाव पुढं येतं, आधारवर कुठं मध्ये वडिलांचं नाव, कुठं नुसतं अक्षर. अर्जात मेमोवरचं नाव जसंच्या तसं भर आणि आधार त्याला जुळवून घे. ओबीसी असशील तर रेल्वे, एसएससी, बँकेसाठी केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला वेगळा लागतो, राज्याचा चालत नाही. आणि "पाच लाख दे, लावून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव, मग तो कितीही जवळचा असो. बाबांनी कापूस विकून आणलेला पैसा आहे तो.

तेलुगू सोडू नकोस, बाळा. बाजारात तू फाडफाड बोलतेस, पण पाटी वाचताना अडखळतेस. दिवसाला पाच अक्षरं गिरवलीस तर दिवाळीपर्यंत पेपर वाचशील. मग राज्याची वाटही उघडी राहते. बँकेत लागलीस तरी तिथंच थांबू नकोस. पहिल्या दोन वर्षांतच जेएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा देऊन टाक, पगारवाढ मिळते. संसार अंगावर पडला की पुस्तक हातात घेणं किती जड जातं, ते मी रोज अनुभवते.

या रविवारी ये. मेमो, आधार, शाळेचे दाखले, सगळं एका पिशवीत घालून आण. स्वयंपाक सकाळीच उरकून ठेवते, म्हणजे दुपारभर आपण दोघी अर्ज भरत बसू.