मोठ्या तळ्याची सफर आणि बोटीवरचा आकडा

मंडळी, आज आपण एका सफरीला जाऊ या. बैलगाडीने नाही, एस.टी.नेही नाही. बोटीने जायचे आहे. आणि तेही समुद्रातून नव्हे, तर तळ्यातून!

तुम्ही म्हणाल, "तळ्यातून कसली आली सफर? आमच्या तळ्यात तर म्हशी डुंबतात."

खरे आहे. पण हे तळे फार मोठे आहे. ते आफ्रिका खंडात आहे. त्याला व्हिक्टोरिया सरोवर म्हणतात. सरोवर म्हणजे मोठे तळे. त्याचा पसारा सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्राचे पाच सारखे वाटे केले, तरी त्यातल्या एका वाट्यात हे तळे मावायचे नाही! काठावर उभे राहिले तर पलीकडचा काठ दिसत नाही. वारा सुटला की मोठाल्या लाटा उठतात. पाणी मात्र गोडे. टांझानिया, युगांडा आणि केनिया हे तीन देश या तळ्याच्या काठी आहेत. नाईल ही मोठी नदी याच तळ्यातून बाहेर पडते.

तळ्यात पुष्कळ बेटे आहेत. काठाने लहान लहान बंदरे आहेत. बेटावरच्या माणसाला बाजारला जायचे, दवाखान्यात जायचे, लेकीला भेटायचे, तर पाण्यावरूनच जावे लागते. तिथे बोट म्हणजेच एस.टी.

चला, टांझानियातल्या म्वांझा शहरापासून निघू या. हे मोठे बंदर आहे. धक्का म्हणजे बोट लागते ती जागा. या बंदराजवळ पाण्यातून मोठमोठे खडक वर आले आहेत. कुणी धोंड्यावर धोंडा रचून ठेवावा, तसे ते दिसतात.

म्वांझाहून बोट उकेरेवे नावाच्या बेटाकडे निघते. सुमारे तीन तासांनी नानसियो हे लहानसे बंदर येते. इथले लोक शेती करतात आणि मासे धरतात. 'डागा' नावाची बारीक मासळी ते रात्री पकडतात. होडीवर दिवा लावायचा. उजेड पाहून मासळी गोळा होते, की जाळे ओढायचे. मग ती मासळी उन्हात वाळत घालायची. आपल्या कोकणातही मासळी अशीच वाळवतात, नाही का?

उकेरेवेच्या उत्तरेला उकारा हे लहान बेट आहे. जमीन थोडी आणि माणसे फार. म्हणून तिथले शेतकरी फार जपून शेती करतात. जनावरे गोठ्यात बांधतात. चारा कापून आणून घालतात. शेणखत शेतात नेऊन टाकतात. ही त्यांची जुनी रीत आहे.

तळ्याच्या पश्चिमेला बुकोबा हे बंदर आहे. म्वांझाहून रात्री निघालेली बोट सकाळी तिथे पोचते. वाटेत केमोंडो बंदर लागते. या भागात केळीच्या बागाच बागा. आपल्याला जशी भाकरी, तशी तिथल्या लोकांना हिरवी केळी. ती उकडून जेवणात खातात. कॉफीही इथे खूप पिकते. बोटीत केळीचे घड चढतात, पोती चढतात, कोंबड्या चढतात, माणसे चढतात.

आणि इथेच, मंडळी, थोडे थांबू या. माणसे चढतात, पण किती? हा प्रश्न फार मोठा आहे.

२१ मे १९९६ रोजी बुकोबा नावाची बोट बुकोब्याहून म्वांझाकडे येत होती. ती सुमारे ४३० उतारूंची बोट होती. त्या दिवशी तिच्यात कितीतरी जास्त माणसे भरली होती. म्वांझा जवळ आले आणि बोट उलटली. आठशेहून अधिक माणसे दगावली. नक्की किती गेली, हे कधी कळलेच नाही. किती चढली याची पुरी नोंदच नव्हती!

पुढे बावीस वर्षांनी पुन्हा तसेच घडले. २० सप्टेंबर २०१८ हा गुरुवार होता. उकेरेवे बेटावर बुगोलोरा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. बाजार करून लोक उकारा बेटाकडे निघाले. बोटीचे नाव 'न्येरेरे'. १०१ माणसांची बोट. पण चढली अडीचपटीहून जास्त. वर मका, केळी आणि सिमेंटची पोती. उकाऱ्याचा धक्का अगदी जवळ आला. उतरण्यासाठी लोक एका बाजूला सरकले, आणि बोट उलटली. २२८ माणसे गेली. ४१ वाचली. समोर घर दिसत होते हो, पण घर गाठता आले नाही.

या बोटीला न्येरेरे हे नाव कुणाचे? ज्युलियस न्येरेरे हे टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. ते आधी शिक्षक होते. लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणत, म्हणजे गुरुजी. १९७० साली त्यांनी देशात प्रौढ शिक्षणाची मोठी मोहीम सुरू केली. सहा ठिकाणी १९७१ अखेर सर्वांना लिहिता-वाचता यावे, असे ठरवले. त्या सहांत उकेरेवे होते! तिथली शेतकरी माणसे, कोळी माणसे, तुमच्या-आमच्यासारखीच संध्याकाळी पाटी घेऊन बसली.

मग सांगा, नुसते वाचता आले म्हणजे झाले का? नाही. वाचलेले मानावे लागते. आणि माणसे मोजून घेणे हे बोट चालवणाऱ्याचे काम आहे. ते त्याने केले नाही, तर विचारणे हे आपले काम आहे.

जास्त भार झाला की बोट का उलटते, ते पहा. भार वाढला की बोट पाण्यात खोल बसते. तिची कड पाण्याजवळ येते. माणसे उभी राहिली की भार वर चढतो. वर भार असलेली गाडी कशी वळणावर कलंडते? तसेच. अशात सगळे एका अंगाला गेले, तर बोट सावरत नाही.

आपल्याकडेही नद्या आहेत, धरणे आहेत, खाड्या आहेत. होडीत बसण्याआधी एवढे करा:

१. होडीवर किती माणसांचा आकडा लिहिला आहे, तो वाचा.
२. आत बसलेली माणसे मोजा. लेकरेही मोजा. माल पहा.
३. आकडा भरला असेल, तर चढू नका. दुसऱ्या खेपेची वाट पहा.
४. जीवरक्षक जाकीट मागा आणि नीट बांधा.
५. होडीत बसून रहा. काठ आला तरी एकदम उठू नका. एकेकाने उतरा.

कुणी म्हणेल, "चला हो, एकाने काय होतंय?" तेव्हा भिडेला पडू नका. सरळ सांगा, "मी आकडा वाचला आहे. मी मागून येतो." उशीर झाला तर जेवण निवेल, एवढेच. पण माणूस घरी येईल.

उत्तरे द्या

१. व्हिक्टोरिया सरोवर कोणत्या तीन देशांच्या काठी आहे?
२. उकारा बेटावरचे शेतकरी खत कसे मिळवतात?
३. 'न्येरेरे' बोट किती माणसांची होती? ती काठाजवळ का उलटली?
४. तुमच्या गावाजवळ होडी चालते का? तिच्यावर आकडा लिहिला आहे का? नसेल, तर कुणाला सांगाल?