सौरग्राम : ग्रामपंचायतींचा सहभाग आणि पूर्वतयारी

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. शंभराच्या आसपास उंबरठे असलेल्या या लहानशा डोंगरी गावाने घरांच्या छतांवर सौर संच बसवून आपली विजेची गरज सूर्यप्रकाशावर भागविली. तेव्हापासून अनेक ग्रामपंचायतींच्या सभांतून एकच प्रश्न पुढे येत आहे : आपले गाव या कार्यक्रमात कसे येईल? कोणता अर्ज करावयाचा, हे विचारण्यापूर्वी गावाने स्वतःविषयी काय जाणून घ्यावयाचे, हे ठरविणे अधिक आवश्यक आहे.

योजनेची चौकट

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ मंजूर केली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद ठरविण्यात आली आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत देशातील एक कोटी घरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. या योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३० हजार रुपये अनुदान ठरले आहे. तीन किलोवॅट व त्याहून मोठ्या संचासाठी एकूण ७८ हजार रुपयांची मर्यादा आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला १८ हजार रुपये असा वेगळा दर आहे.

अनुदान घराला मिळते, गावाला नव्हे. अर्ज ग्राहकाने राष्ट्रीय पोर्टलवर स्वतःच्या नावाने व स्वतःच्या वीजग्राहक क्रमांकाने करावयाचा असतो. मग ग्रामपंचायतीचे काम कोणते? योजनेत त्याचाही विचार झालेला आहे. आपल्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक घरगुती संचामागे स्थानिक स्वराज्य संस्थेला एक हजार रुपये प्रोत्साहन निधी देण्याची तरतूद आहे. याशिवाय प्रत्येक जिल्ह्यात एक ‘आदर्श सौरग्राम’ निवडण्यासाठी केंद्राने ८०० कोटी रुपये राखून ठेवले असून निवड झालेल्या गावाला एक कोटी रुपये मिळावयाचे आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच हजारांहून अधिक लोकसंख्येचे महसुली गाव या स्पर्धेस पात्र ठरते. विशेष दर्जाच्या राज्यांसाठी ही अट दोन हजारांची आहे. जिल्हास्तरीय समितीने संभाव्य गावांची नावे जाहीर केल्यानंतर सहा महिन्यांनी गावात एकूण किती अक्षय ऊर्जा क्षमता उभी राहिली, हे मोजून निवड करावयाची आहे.

लोकसंख्येच्या या अटीमुळे राज्यातील बहुसंख्य गावे स्पर्धेबाहेर राहतात, ही गोष्ट खरी. पण स्पर्धा म्हणजे योजना नव्हे. घरगुती अनुदानाला लोकसंख्येची अट नाही, आणि मान्याचीवाडीसारखे गाव पाच हजारांच्या जवळपासही नाही.

आधी वीजबिले, मग सौर संच

ज्या ग्रामपंचायतींना हे काम नीट करावयाचे आहे, त्यांनी पहिला महिना केवळ वीजबिले गोळा करण्यात घालवावा. प्रत्येक बिलावर मंजूर भार, ग्राहकाचे नाव आणि मागील बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. शाळेतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांकडून ही नोंद करून घेता येते. गणिताच्या तासाला सरासरी शिकविण्यासाठी याहून चांगली सामग्री शिक्षकांना मिळणार नाही.

या नोंदीतून पहिली अडचण समोर येते ती नावाची. मीटर आजोबांच्या नावावर, आजोबांना जाऊन पंधरा वर्षे झालेली, आणि घराचे तीन वाटे पडलेले, असे चित्र बहुतेक गावांत दिसते. अनुदान ज्याच्या नावाने मीटर आहे त्याच्याच बँक खात्यात जमा होत असल्याने नाव बदलल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ग्रामपंचायतीने वारस नोंदी व घरपट्टीचे उतारे एका शिबिरात देऊन महावितरणच्या कर्मचाऱ्यांना तेथेच बोलाविले, तर महिनोन्महिने रखडणारे काम दोन दिवसांत मार्गी लागू शकते. सरपंचांच्या दृष्टीने हे काम उद्घाटनासारखे दिसणारे नाही. पण योजना येथेच अडते किंवा येथेच सुटते.

दुसरी गोष्ट संचाच्या आकारमानाची. आपल्याकडे एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. पावसाळ्यात हे प्रमाण बरेच घटते, तर उन्हाळ्यात वाढते. ज्या घराचा वापर महिन्याला ८०-९० युनिट आहे, त्याला एक किलोवॅट पुरेसा होतो. अशा घराला ‘अनुदान जास्त मिळते’ एवढ्याच कारणावर तीन किलोवॅटचा संच गळ्यात मारणे, हा त्या कुटुंबावर कर्ज लादण्याचा प्रकार होय. बिलांची यादी ग्रामपंचायतीच्या हाती असली, म्हणजे कोणत्या घराला काय हवे हे विक्रेता नव्हे तर गाव सांगू शकते.

तिसरी गोष्ट छताची. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीरहित जागा लागते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, जवळपास त्या ठिकाणच्या अक्षांशाइतक्या, म्हणजे महाराष्ट्रात साधारण १६ ते २१ अंशांच्या कलाने बसविली जातात. शेजारच्या चिंचेची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली, तरी संपूर्ण मालिकेचे उत्पादन खाली येऊ शकते. जुने पत्रे, कौले आणि मातीची धाबी यांवर वाऱ्याचा जोर धरून ठेवणारा सांगाडा बसेल की नाही, हे जाणत्या माणसाने प्रत्यक्ष पाहूनच सांगावे लागते.

मागणी एकत्र करण्याचा लाभ

गावाने एकत्र येऊन सौर संच घेण्याची कल्पना अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या एका भागात २००९ मध्ये रुजली. तेथील रहिवाशांना एकेकट्याने विक्रेत्यांशी बोलणे अवघड जात होते. त्यांनी शेजारसंघटनेच्या मार्फत एकत्र मागणी नोंदविली आणि एकच विक्रेता स्पर्धेने निवडला. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याने २०११ मध्ये हार्वर्ड, हॅटफील्ड, सिच्युएट व विंचेस्टर या चार गावांत हाच प्रयोग सरकारी पाठबळाने केला. गावाने राज्याच्या संस्थेकडे अर्ज करावयाचा, आपला एक स्वयंसेवक ‘सौर मार्गदर्शक’ म्हणून नेमावयाचा आणि ठरलेल्या मुदतीत जितके किलोवॅट नोंदविले जातील तितका दर सर्वांसाठी खाली यावयाचा, अशी ती पद्धत होती. जो आधी नोंदवितो त्यालाही शेवटी उतरलेलाच दर मिळत असल्याने प्रत्येक जण शेजाऱ्याला समजावीत असे. मुदत ठरलेली असल्यामुळे ‘पुढच्या वर्षी पाहू’ ही वृत्ती मागे पडली.

आपल्या योजनेत विक्रेता निवडण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाचा आहे, आणि तो नोंदणीकृत विक्रेत्यांपैकीच असावा लागतो. ग्रामपंचायत कोणा एकाची सक्ती करू शकत नाही आणि तिने तशी करूही नये. परंतु पन्नास घरांची मागणी एका कागदावर मांडून तीन-चार नोंदणीकृत विक्रेत्यांकडून लेखी दर मागविणे, ते चावडीवर लावणे आणि त्यांत देशी बनावटीचे पॅनेल, इन्व्हर्टरची हमी व पाच वर्षांची देखभाल यांचा उल्लेख आहे की नाही हे तपासणे, याला कोणतीही आडकाठी नाही. अनुदानासाठी देशात तयार झालेल्या सेल व पॅनेलचीच अट असल्याने ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. स्वस्त म्हणून आणलेल्या परदेशी पॅनेलमुळे अनुदान नाकारले गेले, तर तो तोटा घरमालकालाच सोसावा लागतो.

या टप्प्यावर महावितरणच्या शाखा अभियंत्याला गावात बोलावून रोहित्राची, म्हणजे लोकभाषेतील ‘डीपी’ची, क्षमता पाहून घ्यावी. एकाच रोहित्रावर पुष्कळ संच आले आणि दुपारी गावचा वापर कमी असला, तर वाहिनीच्या टोकाकडील घरांत दाब वाढून इन्व्हर्टर वारंवार बंद पडतात. मागणीची यादी आधीच तयार असेल, तर रोहित्राची वाढ वेळेवर मागता येते.

मागे राहणारी घरे

सौरग्रामाची खरी कसोटी छत नसलेल्या घरांत आहे. ज्याच्याकडे स्लॅबचे घर, स्वच्छ नाव आणि बँकेत पत आहे त्याचे बिल शून्याजवळ येते; आणि भाड्याने राहणारा, पत्र्याच्या खोपटात राहणारा किंवा महिन्याला चाळीस युनिटच जाळणारा आहे तेथेच राहतो. गावात दोन प्रकारचे ग्राहक तयार होणे हा या योजनेचा अपरिहार्य परिणाम नाही, पण दुर्लक्ष झाल्यास तो घडून येतो.

राज्य शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि महिना १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या घरांसाठी ‘स्मार्ट’ ही पूरक योजना मंजूर केली, ती याच हेतूने. तिच्यानुसार एक किलोवॅटच्या संचासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला केंद्राच्या ३० हजारांवर राज्याकडून १७,५०० रुपयांची भर मिळते आणि स्वतःचे केवळ २,५०० रुपये भरावे लागतात. ग्रामसभेने लाभार्थ्यांची पहिली यादी करताना या घरांपासून सुरुवात करावी. संपन्न घरे स्वतःच्या बळावर पोर्टलपर्यंत पोहोचतात.

काही गोष्टी आधीच स्पष्ट सांगाव्यात

सौर संच बसविला की भारनियमनातून सुटका होते, हा समज गावोगाव आढळतो. तो चुकीचा आहे. बॅटरी नसलेला, जाळ्याला जोडलेला संच वीज खंडित होताच आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला घराघरांतून उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. भर दुपारी ऊन असताना घरातील पंखा का थांबला, असा प्रश्न नंतर विचारला जाण्यापेक्षा ग्रामसभेतच त्याचे उत्तर द्यावे.

बिल ‘शून्य’ होण्याविषयीही सावधपणे बोलावे. नेट मीटर दिवसा जाळ्यात गेलेली वीज आणि रात्री घेतलेली वीज यांची वजाबाकी करते. परंतु स्थिर आकार बिलावर राहतोच.

शेतीची वाहिनी आणि गायरान

गावाच्या सहभागाचा आणखी एक मार्ग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून जातो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये ‘२.०’ या स्वरूपात विस्तारलेल्या या योजनेत शेतीच्या वाहिन्या उपकेंद्राजवळील सौर प्रकल्पांतून दिवसा चालविल्या जातात. पिकाला पाणी देण्यासाठी रात्री विंचूकाट्याची भीती बाळगत शिवारात जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. खासगी जमिनीला दर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात वार्षिक तीन टक्के वाढ ठरविण्यात आली. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख रुपयांप्रमाणे तीन वर्षे अनुदान देण्याचीही तरतूद झाली.

मात्र पुष्कळ ठिकाणी या प्रकल्पांसाठी गायरान जमीन पुढे केली जाते, आणि तेथे ग्रामसभेने घाई करू नये. कागदावर पडीक दिसणाऱ्या जमिनीवर भूमिहीनांच्या शेळ्या चरतात, कोणी सरपण वेचतो, कोणाची वाट तिच्यातून जाते. पंचवीस-तीस वर्षांसाठी कुंपण पडणार असेल, तर चराईची पर्यायी जागा व पाणंद रस्ता आधी नकाशावर दाखवून मगच ठराव करावा. मिळणाऱ्या पंधरा लाखांचा पहिला हक्क ज्यांची चराई गेली त्यांचा आहे, असे ठरावातच लिहून ठेवणारी ग्रामपंचायत पुढील अनेक तंटे टाळील.

देखभाल

दोन गावांची उदाहरणे येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. गुजरातमधील मोढेरा हे सूर्यमंदिराचे गाव ऑक्टोबर २०२२ मध्ये चोवीस तास सौरविजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून घोषित झाले. तेथे सुज्जनपुरा येथील ६ मेगावॅटचा प्रकल्प, १५ मेगावॅट-तासांची बॅटरी आणि १,३०० हून अधिक घरांवरील एकेक किलोवॅटचे संच यांसाठी केंद्र व राज्य यांनी मिळून सुमारे ८० कोटी रुपये खर्च केले. एखाद्या ग्रामपंचायतीला हे अनुकरणीय उदाहरण वाटले, तरी तिच्या आवाक्यातले नाही. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरणई गावात २०१४ मध्ये स्वयंसेवी संस्थांनी १०० किलोवॅटचे स्वतंत्र सौर जाळे उभारले होते. तीन दशके अंधारात राहिलेल्या गावात दिवे लागले. पण थोड्याच काळात सरकारी वीज स्वस्त दरात आली, बॅटऱ्या थकल्या, त्या बदलण्यासाठी निधी साठविला गेलेला नव्हता, आणि काही वर्षांत प्रकल्पाची जागा गुरे बांधण्याच्या उपयोगाला आली.

पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात. इन्व्हर्टर त्याच्या निम्म्याहून कमी काळात बदलावा लागण्याचा संभव असतो. विक्रेत्याची देखभाल पाच वर्षांनी संपते. म्हणून ग्रामपंचायतीने नमुना ८ च्या घरपट्टी नोंदवहीशेजारी सौर संचांची एक वेगळी वही ठेवावी. तीत बसविल्याची तारीख, पॅनेल व इन्व्हर्टरचे क्रमांक, हमी संपण्याचे वर्ष आणि दर महिन्याचे उत्पादन नोंदवावे. मिळणाऱ्या प्रोत्साहन निधीतून गावातील दोन तरुणांना संच धुणे, जोडण्या तपासणे व दोष ओळखणे यांचे प्रशिक्षण द्यावे. फेब्रुवारी ते मे या काळात, विशेषतः कच्च्या रस्त्यालगतच्या घरांची पॅनेल पंधरा दिवसांतून एकदा तरी सकाळी लवकर, काच तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने धुवावी लागतात. ज्या घराचे उत्पादन शेजारच्या तेवढ्याच संचापेक्षा सलग दोन महिने कमी दिसेल, तेथे ग्रामसेवकाने तक्रारीची वाट न पाहता विक्रेत्याला लेखी कळवावे. हमीची मुदत चालू असेपर्यंत दुरुस्ती विनामूल्य असते.